उधारीचे नवे खत : थकलेले क्रेडिट कार्ड आणि न्यायालयाचा कागद

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके मुंबईच्या जवळ असूनही मुंबईचे नव्हेत. महानगराची तहान भागविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. कसाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलगाडीने खर्डी, आसनगाव, वासिंद येथील माणसे भल्या पहाटे कामावर जातात आणि रात्री परततात. मुरबाडला रेल्वे नाही. तेथला नोकरदार कल्याणपर्यंत एस. टी. ने जातो, अथवा तालुक्यातीलच औद्योगिक वसाहतीत पाळी करतो. उरलेल्यांचा आधार म्हणजे भाताचे एक पीक, थोडी नागली, वरी आणि दिवाळीनंतरची वीटभट्टी. अशा या भागात कर्ज ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते कर्जाचे रूप.

पूर्वी कर्ज काढावयाचे म्हणजे कोणाच्या तरी ओटीवर जाऊन बसावे लागे. आज ते एका चकचकीत कार्डाच्या रूपाने खिशात येऊन बसते. आपल्या देशात क्रेडिट कार्डाचा प्रारंभ १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने काढलेल्या ‘सेंट्रलकार्ड’ने झाला. त्या काळी ही सोय मोठ्या शहरातील मोजक्या धनिकांपुरती होती. २०२४ च्या आरंभी देशातील कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. वेतन बँकेत जमा होऊ लागले, तसे कारखान्यातील कामगार, शिक्षक, ग्रामसेवक, गुदामातील लिपिक अशा सर्वांपर्यंत कार्ड पोहोचले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. अडीनडीला सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा बँकेची उधारी केव्हाही बरी. परंतु हप्ता चुकल्यावर काय घडते, आणि पुढे न्यायालयाचा कागद आल्यावर काय करावयाचे, याची माहिती मात्र कार्डाबरोबर पोहोचलेली नाही. कार्डाबरोबर येते ती बारीक अक्षरातील इंग्रजी पुस्तिका. ती कोण वाचतो?

‘किमान रक्कम’ म्हणजे काय?

कार्डावर केलेल्या खर्चाचे देयक महिन्यातून एकदा येते. ठरलेल्या तारखेपर्यंत संपूर्ण रक्कम भरली, तर व्याज लागत नाही. देयकावर मात्र दोन आकडे असतात: एक एकूण देय रक्कम आणि दुसरा ‘किमान देय रक्कम’. बहुतेक घोटाळा या दुसऱ्या आकड्यापाशी होतो. किमान रक्कम भरली म्हणजे त्या महिन्याचे भागले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तेवढ्याने थकबाकीदार हा शिक्का आणि विलंब-शुल्क एवढेच टळते. व्याज टळत नाही. पूर्ण रक्कम न भरल्यास बिनव्याजी मुदतीची सवलत जाते, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते, आणि नंतर केलेल्या नव्या खरेदीवरही ते लागते. कार्डावर रोख रक्कम काढल्यास तर पहिल्या दिवसापासूनच व्याज आणि वर वेगळे शुल्क.

हिशेब करून पाहू. समजा, कार्डावर ४०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के आहे. असे दर सर्रास आढळतात. महिन्याचे व्याज १,४०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. एकूण १,६५२. किमान रक्कम पाच टक्के धरली, तर कार्डधारक २,००० रुपये भरतो आणि आपण दोन हजारांनी हलके झालो असे मानतो. मूळ बाकीतून वजा होतात ते केवळ ३४८ रुपये. साडेतीन टक्के हा आकडा कानाला लहान वाटतो. वर्षाचा धरला की तो ४२ टक्के होतो. तुलनेसाठी सांगावयाचे तर, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये राज्य शासनाने त्याच वर्षी परवानाधारक सावकारासाठी ठरवून दिलेले दर शेतकऱ्याला तारणावर ९ व विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ व विनातारण १८ टक्के असे होते. हा अधिनियम बँकांना लागू नाही.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. ४२ टक्के व्याज ही पिळवणूक नव्हे काय? राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली असा निर्णय दिला होता की, कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. बँकांच्या व्याजाचा प्रश्न हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकारातील विषय आहे, अशी न्यायालयाची भूमिका आहे. बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम २१-अ प्रमाणेही व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला बँकेचा व्यवहार पुन्हा उकरता येत नाही. तेव्हा ‘व्याज फार आहे, न्यायालय ते कमी करील’ या भरवशावर कोणी राहू नये. दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येणार नाही हा, आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून असतो. तो येथे उपयोगी पडत नाही.

चुकलेला हप्ता

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांसंबंधी सविस्तर निर्देश काढले. त्यांतील काही गोष्टी प्रत्येक कार्डधारकाने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच विलंब-शुल्क आकारावयाचे व पतमाहिती कंपनीला कळवावयाचे, असे त्यात सांगितले. विलंब-शुल्क उरलेल्या बाकीवर घ्यावयाचे, पूर्ण देयकावर नव्हे. थकबाकीदार म्हणून नाव कळविण्यापूर्वी कार्डधारकाला सूचना द्यावयाची, आणि नंतर त्याने पैसे चुकते केले तर तीस दिवसांच्या आत नोंद सुधारावयाची. न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. किमान रक्कमही नव्वद दिवसांत भरली गेली नाही, तर ते खाते अनुत्पादक ठरते, आणि तेथून बँकेच्या वागण्याची तऱ्हा बदलते.

नव्वद दिवस हा काळ म्हणूनच मोलाचा आहे. या अवधीत बँकेला लेखी कळवून बाकीचे हप्ते बांधून मागता येतात. हप्त्यांवरील व्याज कार्डाच्या व्याजापेक्षा पुष्कळदा कमी असते. पतसंस्थेचे वा भविष्य निर्वाह निधीचे कर्ज मिळत असेल, तर ते काढून कार्ड फेडणे हाही शहाणपणाचा व्यवहार ठरू शकतो. एका कार्डावर उचलून दुसरे फेडणे हा मात्र नव्हे. आणि कार्ड फेडण्यासाठी विनापरवाना सावकाराकडे जाणे तर मुळीच नव्हे.

दारी येणारे वसुली प्रतिनिधी हा ग्रामीण भागात सर्वांत भीतीचा विषय आहे. शहरात शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. गावात मोटारसायकलवर अनोळखी माणूस आला की सायंकाळपर्यंत सर्व आळीला ठाऊक होते. यासंबंधी १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट बजावले की, प्रतिनिधीने धाकदपटशा करू नये, चारचौघांत अपमान करू नये, घरच्या माणसांच्या वा मित्रांच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ करू नये, आणि सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये. लघुवित्त कर्जांच्या बाबतीत ही वेळ त्याच वर्षीच्या निर्देशांत सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी ठरविली आहे. बचत गटातील भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना गाठून ‘तुमच्या माणसाला समजावा’ असे सांगण्याची रीत काही प्रतिनिधींनी पाडलेली दिसते. अशा वेळी कोणाच्याही कर्जाविषयी चर्चा करण्याचे वा त्याच्या घरची माहिती पुरविण्याचे बंधन मुख्याध्यापकांवर अथवा पंचायत सदस्यांवर नाही.

प्रतिनिधीने मर्यादा ओलांडल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मारहाण किंवा धमकीचा प्रकार असेल, तर पोलीस ठाण्याचा मार्ग मोकळाच आहे.

कागद आला, आणि फडताळात ठेवला

आता मुख्य विषयाकडे वळू. येथे प्रस्तुत लेखकाला थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

माझे एक चुलतबंधू शहापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहेत. वहिनींच्या शस्त्रक्रियेचे साठ हजार रुपये त्यांनी कार्डावर भरले. पुढे वर्षभर किमान रक्कम भरीत राहिले. मग तीही थांबली. दोन-अडीच वर्षांनी एके दिवशी बेलीफ शाळेत आला. दादांनी सही करून कागद घेतला आणि रात्री मला दूरध्वनी केला. “अरे, कोर्टाचं समन्स आलंय. तू सरकारात आहेस, काय करू सांग.” मी माहिती खात्यात आहे, विधी खात्यात नाही, हे सांगावयास हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, “दादा, बँका असले कागद सगळ्यांनाच पाठवितात. घाबरू नका.” दादांनी कागद घडी करून फडताळात ठेवला. तारीख आली आणि गेली. सात महिन्यांनी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दादांच्या वेतनावरील जप्तीचा आदेश येऊन थडकला, तेव्हा आम्हा दोघांना एकतर्फी हुकूमनामा या शब्दांचा अर्थ कळला.

त्यानंतर आम्ही जुनी देयके काढून बसलो. त्यांत दर महिन्याला एका विमा योजनेचा हप्ता लावलेला होता. दादांनी तो विमा कधी मागितला नव्हता. त्यावर व्याज, व्याजावर कर. न्यायालयात उभे राहून हे सांगितले असते, तर बँकेला ती रक्कम सिद्ध करावी लागली असती. हुकूमनामा झाल्यावर ते दार बंद झाले. वकिलांना विचारले की, हुकूमनामा रद्द होईल काय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ प्रमाणे समन्स योग्य रीतीने बजावले गेले नसेल, किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण असेल, तर तीस दिवसांच्या आत तसा अर्ज करता येतो. समन्सवर दादांची सही होती. आणि चुलतभावाने चुकीचा सल्ला दिला, हे पुरेसे कारण होत नाही. वकील हे हसून म्हणाले. मला हसू आले नाही.

जुनीच गोष्ट

हा प्रकार माझ्या भावापुरता नाही, आणि आजचाही नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. या लोकांनी मुख्यतः मागितले ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. हाती आले की ते जाळले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या नजरेस एक गोष्ट ठळकपणे आली: सावकारांचे असंख्य दावे एकतर्फी निकालात निघत होते. कुळ न्यायालयात येतच नव्हते. दूरचे ठिकाण, न कळणारी भाषा, अंगठा उठविलेले खत आणि ‘जाऊन तरी काय होणार’ ही भावना, अशी त्याची कारणे होती. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम त्यातून आला. कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार तपासावा, मुद्दल किती व व्याज किती याचा हिशेब करावा, प्रतिवादीला विचारावे, अशी जबाबदारी त्याने न्यायालयावर टाकली, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी केली. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. ठाणे त्यात नव्हते.

ठाणे जिल्ह्यात कर्जाला न्यायालयापर्यंत जाण्याची गरजच फारशी पडत नसे. येथे लग्नासाठी उचललेल्या रकमेपोटी नवरा-बायकोने धनकोच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे, अशी ‘लग्नगडी’ची प्रथा आदिवासींत होती. जानेवारी १९४५ मध्ये शेजारच्या टिटवाळ्यास भरलेल्या किसान सभेच्या परिषदेत वारली बांधवांनी आपली गाऱ्हाणी मांडली आणि त्यातून उंबरगाव-डहाणूकडील चळवळ उभी राहिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने वेठीचे कर्ज नष्ट केले. त्याच्या वसुलीसाठी दावाही करता येत नाही. वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या बाबतीत ही तरतूद आजही जिवंत आहे. उचल फिटेपर्यंत जागा सोडू न देणे ही वेठबिगारीच होय, आणि ते प्रकरण तहसीलदार वा प्रांताधिकारी यांच्याकडे नेले पाहिजे. बँकेच्या कार्डाचे कर्ज मात्र या सदरात येत नाही. ते कायदेशीर कर्ज आहे, आणि त्याला उत्तर कायद्याच्याच दालनात द्यावे लागते.

समन्स हाती पडल्यावर

पहिली गोष्ट, कागद कसला आहे ते पाहावे. वकिलाची नोटीस, लोक अदालतीची सूचना, लवादाची नोटीस आणि न्यायालयाचे समन्स या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खेड्यात चौघींनाही ‘कोर्टाचा कागद’ म्हणतात.

वकिलाची नोटीस हा बँकेचा मागणीचा कागद. त्याला उत्तर द्यावे, हिशेब मागावा, मान्य नसलेल्या रकमा लिहून कळवाव्यात. लोक अदालतीची सूचना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुका समितीकडून येते. तेथे जाण्यात कमीपणा नाही आणि धोकाही नाही. तडजोड उभय पक्षांच्या संमतीनेच होते. परंतु एकदा सही झाली की लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या तोडीचा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून दरमहा जेवढे खरोखर भरणे शक्य आहे, तेवढेच कबूल करावे. भिडेखातर आकडा वाढवू नये.

लवादाच्या नोटिशीकडे लोक सर्वांत अधिक दुर्लक्ष करतात, कारण तीवर न्यायालयाचा शिक्का नसतो. कार्डाच्या करारात लवादाचे कलम असेल, तर लवादाचा निवाडाही न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात येतो. तथापि ज्याचा व्यवहारात हितसंबंध आहे अशा एका पक्षाने परस्पर एकमेव लवाद नेमणे योग्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात ठरविले आहे. तेव्हा लवाद कोणी नेमला हे विचारण्याचा आणि हरकत लेखी नोंदविण्याचा अधिकार ऋणकोला आहे.

समन्स आले असेल, तर दिवस मोजावेत. साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे आपले लेखी म्हणणे, दाखल करावयाचे असते. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. आदेश ३७ खालील संक्षिप्त दाव्यात मात्र दहाच दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, आणि नंतर बचाव करण्याची परवानगी स्वतंत्रपणे मागावी लागते. समन्सच्या मथळ्यावर हे लिहिलेले असते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी दिवाणी न्यायालये आहेत; पण कार्डाच्या करारामुळे दावा मुंबईतही दाखल झालेला असू शकतो. न्यायालयाचे नाव वाचल्याशिवाय तारखेला भलत्याच ठिकाणी जाऊन बसणारे लोकही आहेत.

कैफियतीत काय लिहावे? बाकी खरी असेल, तर ती नाकारण्यात अर्थ नाही. पण किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुद्दल किती, व्याज किती, शुल्क किती, भरलेले पैसे जमा धरले काय, न मागितलेल्या सेवांचे पैसे लावले काय, हे तपासावे. दावा मुदतीत आहे काय, हेही पाहावे. अशा रकमेसाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत बाकी लेखी मान्य केली किंवा काही रक्कम भरली, तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. आणखी एक लाभ हजर राहणाऱ्यालाच मिळतो. दावा दाखल झाल्यानंतरच्या काळाचे व्याज कोणत्या दराने द्यावयाचे, हे संहितेच्या कलम ३४ प्रमाणे न्यायालय स्वतःच्या विवेकाने ठरविते. आजारपण, नोकरी जाणे, पीक बुडणे या गोष्टी तेथे सांगता येतात. न्यायाधीशांसमोर कोणी उभेच राहिले नाही, तर त्यांनी ते कोणाकडून ऐकावयाचे?

समन्स नाकारून काही साधत नाही. घेण्यास नकार दिल्यास बेलीफ ते दारावर चिकटवून तसा अहवाल देतो, आणि न्यायालय बजावणी झाली असे मानू शकते. अशा वेळी पंच म्हणून सही करण्यासाठी गावातील कोणाला तरी बोलाविले जाते. सरपंच किंवा सदस्य यांनी सही करून मोकळे होऊ नये. संध्याकाळी त्या घरी निरोप द्यावा आणि तारीख वाचून दाखवावी.

वकील परवडत नाही, ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यांतील ‘औद्योगिक कामगार’ हा शब्द मुरबाडच्या वसाहतीत फार थोड्यांना माहीत आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे न्यायालयाच्या आवारातच, करावयाचा असतो. दूरध्वनीवरून १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

हुकूमनामा झाल्यानंतर

हुकूमनामा झाला म्हणजे तुरुंग, ही भीती निराधार आहे. कार्डाची बाकी थकणे हा गुन्हा नव्हे. मात्र बँकेला दिलेला धनादेश परत गेला, तर कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण होऊ शकते. बँक खात्यातून परस्पर कापून घ्यावयाचा हप्ता शिल्लक नसल्याने फिरला, तरीही २००७ च्या अधिनियमाप्रमाणे तसेच. कोरे धनादेश सही करून देऊ नयेत ते यासाठी. दिवाणी अटकेविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाद्वारे स्पष्ट केले आहे की, केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून कोणाला बंदीत टाकता येणार नाही. ऐपत असून बुडविण्याची वृत्ती दिसली पाहिजे. स्त्रियांना तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करताच येत नाही.

वसुलीसाठी बँक दरखास्त दाखल करते आणि जप्ती मागते. कशावर जप्ती येत नाही, हे कलम ६० मध्ये सांगितले आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आवश्यक गुरे आणि बियाणे, शेतकऱ्याचे किंवा मजुराचे राहते घर, मजुराची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, शासकीय निवृत्तिवेतन. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यासारखी आहे. आदिवासी खातेदाराची जमीन हुकूमनाम्याच्या लिलावातही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने १९७४ पासून हे संरक्षण दिले आहे. ऋणको मरण पावल्यास त्याच्या वारसांवर जबाबदारी येते ती हाती आलेल्या मिळकतीपुरतीच.

वेतनावर मात्र जप्ती येते. पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे जप्तीस पात्र वेतन २५,००० रुपये असेल, तर एक हजार वजा जाता उरलेल्या चोवीस हजारांचा तिसरा हिस्सा, ८,००० रुपये, दरमहा कापला जाऊ शकतो. ही कपात चोवीस महिने झाल्यास पुढे बारा महिने ती करता येत नाही, आणि त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा कधीच करता येत नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्यांनी येथे एक दक्षता घ्यावी. जप्तीचा आदेश मिळूनही पूर्ण वेतन दिले, तर आदेश २१, नियम ४८ प्रमाणे त्या रकमेची जबाबदारी वेतन देणाऱ्यावर येते. उलट सुरक्षित भागातून अधिक कापले, तर तो कर्मचाऱ्यावर अन्याय होईल. आदेश आल्याबरोबर कर्मचाऱ्याला त्याची प्रत द्यावी. आणि ती शिक्षकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवू नये. दादांच्या बाबतीत तसे झाले.

दादांचे प्रकरण शेवटी दरखास्तीत मिटले. आदेश २०, नियम ११ प्रमाणे हुकूमनाम्यानंतरही वादीच्या संमतीने हप्ते बांधून मिळतात. बँकेच्या वकिलांनी संमती दिली आणि दरमहा चार हजारांचे हप्ते ठरले. विम्याचे पैसे त्यांत धरूनच. शेवटचा हप्ता भरल्यावर दादांनी बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला घेतला, आणि न्यायालयात हुकूमनामा फिटल्याची नोंद करून घेतली. ही दुसरी गोष्ट वकिलांनी आग्रहाने करावयास लावली. नोंद नसेल, तर भरलेले पैसे न्यायालय जमेस धरीत नाही. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा अहवालही त्यांनी मागविला आहे. त्यात त्यांचे खाते अजून थकीत दाखविले आहे, आणि त्याविरुद्धचा तक्रार अर्ज यावेळी आम्ही दोघांनी मिळून, कार्यालयीन वेळ संपल्यावर, शहापूरला त्यांच्या ओटीवर बसून लिहिला.